मंडि आणि मांडी

माझ्या दोन्ही गुडघ्यांवर व्रण आहेत. उजव्यावरचा २१ सेंटीमीटर लांब, डाव्यावरचा साडेअकरा. शिवणकामाच्या टेपने मीच मोजलेत. उजवा गुडघा २०१६ च्या जानेवारीत नेहमीच्या, मोठ्या छेदाच्या पद्धतीने बदलला. डावा २०२२ च्या नोव्हेंबरात, लहान छेदाने, मांडीचा स्नायू न कापता. मी मूळची बेळगावची. लग्न होऊन बेंगळुरूला मल्लेश्वरमात आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आठव्या क्रॉसवर भाजी घेताना, गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात, कुणाच्या बारशातसुद्धा हल्ली बायका मला बाजूला घेतात आणि विचारतात, "तुमचं दोन्ही तऱ्हेनं झालंय ना? मग सांगा, चांगलं कुठलं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून दोन खेपांत जे कळलं ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. सांगते आहे ते माझ्या दोन गुडघ्यांपुरतं, आणि डॉक्टरांना विचारविचारून जे समजून घेतलं त्यापुरतं.

१. गुडघ्याचं दुखणं गुडघ्यात असलं तरी त्याचं बळ मांडीत असतं, हे मला एका कन्नड मुलीने शिकवलं. कन्नडात गुडघ्याला 'मंडि' म्हणतात. बेळगावात वाढल्यामुळे हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता, पण आपल्या 'मांडी'शेजारी ठेवून तो कधी पाहिला नव्हता. पहिल्या ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपीसाठी गेले, तेव्हा त्या मुलीने "मंडि नोवा अम्मा?" असं विचारलं आणि हात मात्र माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, तिला दुखण्याची जागा कळली नाही. मग तिने टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजून दाखवला. जास्त दुखणाऱ्या पायाची मांडी बारीक झाली होती. दुखतं म्हणून मी त्या पायावर भार देत नव्हते, भार नाही म्हणून स्नायू सुकत होता, आणि स्नायू सुकला म्हणून गुडघा आणखी दुखत होता. गुडघा ही बिजागरी, दार ओढणारा हात वर मांडीत असतो, असं ती म्हणाली. मोठा छेद की लहान, हा सगळा वाद मुळात त्या हाताला किती धक्का लावायचा याचा आहे, हे मला पुढे कळलं.

२. लहान छेद म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन नव्हे. माझी कितीतरी वर्षं हीच समजूत होती. नणंदेचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेव्हा तिच्या पोटावर टिकलीएवढ्या तीन-चार खुणा राहिल्या. गुडघ्याचंही आता तसंच होत असेल, असं मी धरून चालले होते. गुडघ्यात दुर्बीण घालतात हे खरं. फाटलेली गादी, तुटलेला अस्थिबंध अशी कामं तिच्यातून होतात. पण सांधा बदलायचा तर अख्खा सांधा आत जावा लागतो. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तो नमुन्यादाखल माझ्या हातात दिला. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारी धातूची गुळगुळीत टोपी, नडगीच्या हाडावर बसणारी तबकडी आणि दोघींच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती. हातात घेतल्यावर त्याचं वजन जाणवलं. एवढी वस्तू टिकलीएवढ्या भोकातून जाणार कशी? आपण 'गुडघा बदलला' म्हणतो, पण खरं तर हाडांची झिजलेली टोकं साधारण ८ ते १० मिलिमीटर कापून त्यांवर नवा पृष्ठभाग बसवतात, दाताला कॅप बसवतात तसा. दोन्ही पद्धतींत सांधा तोच, हाडाचा काप तेवढाच आणि चिकटवायचं सिमेंटही तेच. बदलते ती आत शिरण्याची वाट.

३. कातडीवरचा चिरा हा सगळ्यात कमी महत्त्वाचा चिरा असतो. नेहमीच्या पद्धतीत गुडघ्याच्या मधोमध वीस-पंचवीस सेंटीमीटरचा उभा छेद घेतात. मांडीच्या पुढचे चार स्नायू एकत्र येऊन जाड पट्ट्यासारखे वाटीला जोडलेले असतात. तो पट्टा उभा चिरतात, वाटी उलटवून बाजूला करतात, आणि सगळा सांधा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे उघडा होतो. काम झालं की पट्टा शिवतात. लहान छेदाच्या पद्धतीत कातडी दहा-बारा सेंटीमीटर कापतात. खरा फरक आत आहे. माझ्या डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूच्या स्नायूच्या खालून वाट काढली, तो स्नायू न कापता उचलून धरला, आणि वाटी उलटी न करता नुसती सरकवली. याच्याच एका दुसऱ्या तऱ्हेत स्नायूचे धागे थोडेसे विलग करून आत जातात. ही वाट काही काल-परवाची नाही. स्नायूखालून सांधा बदलण्याची रीत अमेरिकन सर्जन हॉफमन यांनी १९९१ सालीच मांडली होती. लहान छेदासाठी लागणारी आटोपशीर हत्यारं मात्र नंतर आली. एखाद्या शेजारणीने कातडी तेवढीच कापून घेतली आणि आत मोठ्या पद्धतीनेच काम झालं, तर व्रण सुंदर दिसेल, पण मांडीला त्याचा काही उपयोग नाही.

४. भीती ही घरातून वारशाने येते, आणि ती मोडायलाही कुणीतरी मोठं माणूस लागतं. माझ्या वडिलांचे दोन्ही पाय धनुष्यासारखे बाकले होते. २००० च्या ऑक्टोबरात पंतप्रधान वाजपेयींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं, पुढच्या वर्षी जूनमध्ये उजव्याचं. त्यासाठी डॉ. चित्तरंजन रानावत न्यूयॉर्कहून आले होते. त्यांचा जन्म मध्य प्रदेशातला, वैद्यकीय शिक्षण इंदूरचं. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी जो सांधा घडवला, आजचे बहुतेक सांधे त्याच घराण्यातले. बाबा बेळगावच्या घरी ती बातमी दोनदा वाचून म्हणाले, "ते पंतप्रधान आहेत, त्यांचं करतील. आपलं कोण करतंय?" ऑपरेशन बेळगावातही होऊ शकतं, हे त्यांना पटवण्याइतकं मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते शेवटपर्यंत काठी टेकत राहिले आणि शेवटची चार वर्षं अंगणाच्या पलीकडे गेले नाहीत. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा आधी आनंद झाला नाही, आधी बाबांची काठी आठवली.

५. नकार देणारा डॉक्टर आपल्या बाजूचा असू शकतो. २०१५ साली मी सल्ला घ्यायला गेले ती लहान छेदाची जाहिरात हातात घेऊनच. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला, मला भिंतीशी उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, "अम्मा, या पायाला ते नको." मला तो अपमान वाटला. वजन ८३ किलो आहे म्हणून नाकारतात, किंवा जमत नाही म्हणून टाळतात, असं मनात आलं. आज कळतं की त्यांचं बरोबर होतं. माझा उजवा पाय फार बाकला होता, गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि नव्वद अंशांपर्यंतही धड वाकत नव्हता. असा पाय सरळ करायचा तर आतले आखडलेले बंध सोडवावे लागतात, आणि त्याला डोळ्यांपुढे मोकळी जागा हवी. खिडकी लहान केली की दिसतं कमी, ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, सांधा एखाद-दोन अंशांनी तिरका बसण्याची भीती वाढते, आणि कातडी ताणली गेली तर जखम भरायलाही त्रास होतो. मी सहा वर्षं दुखणं अंगावर काढलं होतं. तेल, शेक, पट्टा, गोळ्या, नातलगांनी सांगितलेलं सगळं करून झालं होतं. त्या सहा वर्षांत पाय बाकत गेला आणि त्याबरोबर माझी निवडही संपत गेली. डावा गुडघा मी तेवढा बिघडू दिला नाही. सँकी तलावाभोवती रोज चालून, रात्रीचा भात सोडून दहा किलो उतरवले. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे डॉक्टरांचं वाक्य मी स्वयंपाकघरात चिकटवलं होतं.

६. पहिले सहा आठवडे दोन गुडघ्यांना अगदी निरनिराळे गेले, हे लपवणार नाही. उजव्याच्या वेळी आडवं पडून पाय सरळ वर उचलायला मला पाचवा दिवस लागला. मेंदू सांगतोय आणि पाय ऐकत नाही, हा अनुभव भयानक असतो. मी तेव्हा रडले होते. डाव्याच्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलला गेला, थरथरत का होईना. उजव्याला वॉकर सुटायला चार आठवडे लागले, डाव्याला दोन. उजव्याच्या वेळी रक्त चढवावं लागलं, डाव्याच्या वेळी नाही. पण याचं सगळं श्रेय लहान छेदाला दिलं तर ते खोटं ठरेल. मधल्या सहा-सात वर्षांत बाकीचंही बदललं होतं. दुसऱ्या वेळी मांडीतल्या नसेजवळ वेगळं इंजेक्शन देऊन दुखणं थोपवलं होतं, रक्तस्राव कमी होण्याचं औषध दिलं होतं, आणि त्याच संध्याकाळी मला धरून उभं केलं होतं. पाय मुळात कमी बाकलेला होता, वजन उतरलेलं होतं, मांडी आधीच व्यायामाने तयार होती. आणि मोठी गोष्ट म्हणजे काय होणार आहे हे मला ठाऊक होतं. यातला छेदाचा वाटा किती, हे मला वेगळं काढून सांगता येत नाही.

७. वर्ष संपता संपता दोन्ही गुडघे एक झाले. मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटलं. तिसऱ्या महिन्यात डावा पुढे होता, सहाव्यात थोडासा, आणि वर्षाने मला फरक सांगता येईना. रात्री अंधारात उठून पाणी प्यायला जाते तेव्हा कुठला पाय कधी बदलला हे चालण्यावरून कळत नाही, व्रणावर हात फिरवावा लागतो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की अभ्यासांतही असंच दिसतं. लहान छेदाचा फायदा सुरुवातीच्या आठवड्यांत, पुढे दोन्ही पद्धती जवळपास बरोबरीने चालतात. सांधा किती टिकेल हे तो किती सरळ बसला, जंतुसंसर्ग झाला का, आपण त्याला कसं वागवतो यांवर जास्त ठरतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली मोठ्या नोंदींवरून काढलेला हिशेब आला होता. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. पंचवीस वर्षांच्या सोबतीत पहिले सहा आठवडे केवढे? तरी ज्याच्या घरी करायला कुणी नाही, ज्याला लवकर कामावर जायचंय, त्याला तेच सहा आठवडे डोंगराएवढे असतात. म्हणून मी त्या फायद्याला लहान म्हणत नाही. तो कुठवर पुरतो, एवढंच सांगते.

८. लहान व्रणाने मला गाफील केलं. ही चूक सर्वस्वी माझी. उजव्याच्या वेळी मी इतकी घाबरले होते की व्यायाम कधी चुकवला नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं, पाय सरकवत वाकवणं, घोटा वर-खाली करणं, सगळं घड्याळ लावून. डाव्याच्या वेळी दहाव्या दिवशी आमटी-भात केला, बाराव्या दिवशी पाहुण्यांना चहा केला, आणि बरी झाले असं समजून व्यायाम सोडला. चौथ्या आठवड्यात गुडघा ऐंशी अंशांवर अडला. चांगला पाय मागे राहिला; वाईट पायाने त्याच्या वेळी चौथ्या आठवड्यापर्यंत शंभर गाठले होते. पुन्हा फिजिओथेरपीची तीच कन्नड मुलगी आली. रागावली नाही. पलंगाच्या कडेला बसवून माझा घोटा धरायची आणि म्हणायची, "इन्नू स्वल्प, अम्मा." अजून थोडंसं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, ती थांबायची, पाणी पुसू द्यायची आणि पुन्हा, "इन्नू स्वल्प." तीन आठवड्यांत तिने मला एकशे दहापर्यंत नेलं. ऑपरेशन दीड-दोन तासांचं होतं. पण गुडघा मला मिळाला तो या दोन शब्दांमुळे.

९. पैशाबद्दल आपण फार दबकत बोलतो, आणि त्या दबकण्याची किंमत मोजतो. २०१६ साली माझ्या बिलात नुसत्या सांध्यापोटी दीड लाखाच्या आसपास रक्कम होती. का, हे विचारायचं धाडस आमच्या घरात कुणाला झालं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांना कमाल किंमत लावली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती, ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी एवढ्यावर आली. दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन गेले. सांधा कुठल्या धातूचा, कुठल्या कंपनीचा, त्याची किंमत वेगळी लिहून द्याल का, 'लहान छेद' या शब्दासाठी वेगळे पैसे आहेत का, असतील तर कशाचे, सगळं विचारलं. एका ठिकाणी प्रश्न विचारल्यावर चेहरे बदलले, तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतः कागद ओढून हिशेब लिहून दिला. त्यांच्याकडेच ऑपरेशन केलं.

१०. काही गोष्टी दोन्ही पद्धतींनी परत मिळत नाहीत, आणि हे कुणी आधी सांगत नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक तुकडा बधिर झाला आहे, उजवीकडे तळहाताएवढा, डावीकडे त्याहून लहान. साडीची निरी तिथे घासली तरी कळत नाही. त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती जमिनीची. मला मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका, असं सांगितलं आहे. आयुष्यभर देवापुढे, पंगतीत, पोळ्या लाटताना, नातवंडाला मांडीवर घेताना जमीनच माझी जागा होती. पहिल्या चैत्रात मंडळात हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर बसल्या आणि माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली, तेव्हा घशात आवंढा आला. वेदना गेली होती, चालणं आलं होतं, तरी काहीतरी माझ्याकडून कायमचं घेतलं होतं. मांडीचा स्नायू वाचवण्याबद्दल मी एवढं शिकले, पण मांडी घालणं मात्र गेलं. हे दुःख खरं आहे आणि ते मानावं. ते मानलं म्हणूनच मी आज खुर्चीत नीट बसते.

तर, चांगलं कुठलं? ज्या डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीत बसला आहे, आणि जी पद्धत तुमच्या पायाला झेपते, ती. त्यांना भेटाल तेव्हा 'छेद केवढा' एवढंच विचारू नका. माझा पाय किती बाकला आहे, मांडीचा स्नायू कापणार का, ही पद्धत तुम्ही वर्षानुवर्षं करता आहात का, आत गेल्यावर गरज पडली तर छेद वाढवाल ना, आणि नंतर मला वाकवायला कोण येणार, हे विचारा. त्या चौथ्या प्रश्नाला "हो, नक्की वाढवू" असं म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवला होता.

आणि एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी जिन्याच्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत असेल, तर त्यांना तेलाची नवी बाटली आणून देऊ नका. पाय बाकण्याआधी, मांडी सुकण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. कदाचित ऑपरेशन लागणारही नाही, नुसत्या व्यायामावर आणखी काही वर्षं निघतील. लागलंच, तर निवडायला दोन वाटा तरी शिल्लक असतील. माझ्या बाबांना एकही नव्हती.